कोडे, खेळ आणि युद्धस्मृती : विमान-संग्रहालयातील ‘खजिन्याचा शोध’ या उपक्रमाची चिकित्सा

प्रास्ताविक

वस्तुसंग्रहालय म्हणजे काचेआड ठेवलेल्या वस्तू व त्यांखालील माहितीफलक, ही कल्पना आता मागे पडली आहे. प्रेक्षकाने केवळ पाहू नये, काही करावेही, या हेतूने जगभरातील संग्रहालये निरनिराळे उपक्रम योजतात. ‘खजिन्याचा शोध’ हा त्यांपैकी विशेष लोकप्रिय प्रकार होय. प्रेक्षकांचे गट पाडले जातात, प्रत्येक गटाच्या हाती सूत्रांचा कागद दिला जातो, एका वस्तूपाशी मिळालेले उत्तर पुढच्या वस्तूकडे नेते आणि सर्व उत्तरे जुळविली की एखादा शब्द, आकडा किंवा जागा उलगडते. चित्रदालनात, प्राणिसंग्रहालयात, किल्ल्यात हा खेळ खेळला जातो, तसाच जुन्या युद्धविमानांच्या संग्रहालयातही खेळला जातो. प्रस्तुत लेखात या शेवटच्या स्थळापुरता विचार केला आहे. युद्धविमान ही इतर प्रदर्शवस्तूंसारखी वस्तू नव्हे. ते शस्त्र आहे. म्हणून शस्त्राभोवती रचलेल्या खेळाने प्रेक्षकाला नेमके काय पाहावयास शिकविले, हा प्रश्न येथे टाळता येत नाही.

या विचाराला निमित्त झाले ते प्रस्तुत लेखकाच्याच एका फसलेल्या प्रयत्नाचे. पदवी वर्गाच्या विद्यार्थ्यांची सहल गोव्यातील बोगमाळ्याजवळच्या नौदल विमान-संग्रहालयात नेताना लेखकाने वीस प्रश्नांचा एक ‘शोध-कागद’ तयार केला होता. विमान कोणत्या साली दाखल झाले, बनावट कोणत्या देशाची, इंजिने किती, वेग किती, असे ते प्रश्न होते. पहिल्या गटाने पंचवीस मिनिटांच्या आत वीसही उत्तरे अचूक आणून दिली. परतीच्या प्रवासात सहज विचारले की, पाहिलेल्यांपैकी कोणत्या विमानांचे पंख दुमडता येतात? बस शांत झाली. विद्यार्थी फलकापासून फलकापर्यंत धावले होते; विमाने त्यांच्या वाटेत केवळ उभी होती. दोष विद्यार्थ्यांचा नव्हता आणि संग्रहालयाचाही नव्हता. तो कागदाचा, म्हणजेच तो रचणाऱ्याचा होता.

प्रश्न आणि कोडे

वरील अनुभवातून पहिला मुद्दा निघतो तो प्रश्न आणि कोडे यांतील भेदाचा. ‘हे विमान कोणत्या साली दाखल झाले?’ हा परीक्षेतील प्रश्न आहे. त्याचे उत्तर वस्तूबाहेर, फलकावर तयार असते व ते उतरवून घेणे एवढेच काम उरते. कोड्याची जात वेगळी. आपल्याकडील कोडे, उखाणा किंवा हुमण रोजच्या पाहण्यातली वस्तू घेते आणि तिचे असे वर्णन करते की, ती क्षणभर अनोळखी व्हावी. उत्तर सापडते तेव्हा नवी माहिती मिळालेली नसते. जुनीच वस्तू नव्याने दिसलेली असते. ऋग्वेदातील अस्यवामीय सूक्तापासून ज्ञानेश्वर-मुक्ताबाईंच्या कूटरचनांपर्यंत ही परंपरा सलग आहे. डच विचारवंत योहान हाइझिंगा यांनी ‘होमो लुडेन्स’ (१९३८) या ग्रंथात खेळ व ज्ञान यांचा संबंध दाखविताना वैदिक यज्ञप्रसंगीच्या प्रश्नोत्तरांचा विचार केला आहे आणि त्याच ग्रंथात खेळ व युद्ध यांवरही स्वतंत्र प्रकरण आहे, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय होय.

याच संदर्भात महाभारतातील यक्षप्रश्नांचे स्मरण होते. चारही भाऊ सरोवराच्या काठी निश्चेष्ट पडले ते बुद्धी कमी होती म्हणून नव्हे. पाण्याची घाई होती म्हणून. आवाज ऐकू आला असूनही त्यांनी तो ऐकला नाही. युधिष्ठिर थांबला. शिवाय यक्षाने अखेरीस एकाच भावाला उठविण्याची मुभा दिली, तेव्हा त्याने भीम वा अर्जुन न मागता माद्रीपुत्र नकुल मागितला. अगोदरच्या सर्व उत्तरांचा कस या एका निवडीत लागला. कोडे थांबावयास लावते आणि शेवटी सोडविणाऱ्याचीच परीक्षा घेते, या दोन कसोट्या या कथेतून मिळतात. संग्रहालयातील बहुतेक शोध-कागद पहिल्याच कसोटीला उतरत नाहीत. त्यांत घड्याळ असते, बक्षीस असते आणि पाण्याची घाई असते.

बक्षिसाने कोड्यावर मात केल्याचे एक प्रसिद्ध उदाहरण ब्रिटनमधील आहे. चित्रकार किट विल्यम्स यांनी १९७९ मध्ये ‘मॅस्करेड’ हे चित्रपुस्तक प्रसिद्ध केले. त्यातील चित्रांत एका पुरलेल्या सोन्याच्या सशाचा ठावठिकाणा दडविला होता. लोकांनी चित्रे पाहण्यापेक्षा जागोजागची जमीन उकरण्याचा सपाटा लावला. १९८२ मध्ये ससा मिळाला. परंतु तो मिळविणाऱ्याने चित्रांतील कोडे सोडविलेच नव्हते, हे १९८८ मध्ये उघडकीस आले. खजिना सापडला आणि पुस्तक न वाचलेलेच राहिले. शोध-कागद रचणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

विमानाचे शरीर : वाचनाचा पहिला पाठ

मग युद्धविमानाभोवती खरे कोडे कसे रचता येईल? त्यासाठी विमानाकडे पाठ्य म्हणून पाहावे लागते. गोव्याच्या संग्रहालयातील तीन विमाने उदाहरणादाखल घेऊ : ब्रिटिश बनावटीचे सी हॉक, फ्रेंच बनावटीचे अलिझे आणि पुन्हा ब्रिटिश बनावटीचे सी हॅरियर. पहिली दोन १९६१ मध्ये नौदलात आलेल्या ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेची विमाने. तिसरे १९८३ च्या अखेरीस दाखल झाले आणि २०१६ मध्ये निवृत्त झाले.

सी हॉकच्या मागे उभे राहून पाहावे. जेट विमानाचा झोत शेपटीच्या टोकातून निघतो अशी आपली समजूत असते. येथे ते टोक बंद आहे. इंजिन एकच, पण झोत बाहेर पडण्याच्या वाटा दोन, आणि त्याही पंखांच्या मुळाशी, दोन्ही बाजूंना. असे का? धडाचा मागचा भाग इंधनासाठी मोकळा राहावा म्हणून. समुद्रावरून उडणाऱ्या विमानाला इंधनाची चिंता किती, हे त्या बंद शेपटीत लिहिलेले आहे. अलिझेच्या पोटाखालील घुमट रडारचा. तो खाली सोडता येतो व वर ओढून घेता येतो. या विमानाची नजर आकाशाकडे नाही, पाण्याकडे आहे. ते पाणबुडी शोधणारे आहे.

आता दोन्ही विमानांच्या शेपटीखाली पाहावे. तेथे एक मजबूत आकडा आहे. विमानवाहू नौकेची धावपट्टी इतकी तोकडी असते की, उतरणारे विमान तेथे आपल्या बळावर थांबू शकत नाही. डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी दोरांपैकी एक या आकड्याने पकडावा लागतो. नौकेच्या पोटात जागाही कमी, म्हणून पंखांना सांधे. एवढे कळले की विद्यार्थ्याला सांगावे : सी हॅरियरचाही आकडा शोध. तो सापडणार नाही. पंखांचे सांधेही सापडणार नाहीत. हेही नौकेवरचेच विमान, मग हे उतरत कसे होते? उत्तर त्याच्याच धडाच्या दोन्ही बाजूंना आहे : फिरविता येणाऱ्या चार झोतनळ्या. त्या खाली वळविल्या की विमान हवेत जवळजवळ स्थिर होऊन सरळ खाली उतरते. ज्याला पळायचे नाही त्याला अडविणारा दोर नको. ज्याचे पंख मुळातच आखूड आहेत त्याला ते दुमडावयास नकोत. येथे एका विमानाचे उत्तर दुसऱ्या विमानाचा प्रश्न बनते. ‘खजिन्याचा शोध’ या प्रकाराचे खरे बलस्थान हेच आहे आणि त्यासाठी एकही फलक वाचावा लागत नाही.

युद्धाचे स्वतःचे कोडे

येथे एक आक्षेप संभवतो. गंभीर विषयाभोवती खेळ रचणे हे मुळातच अनुचित नव्हे काय? या आक्षेपाला इतिहासाचे उत्तर असे की, विसाव्या शतकातील युद्धाने कोड्यांना स्वतःच कामाला जुंपले होते. जानेवारी १९४२ मध्ये ‘डेली टेलिग्राफ’ या वृत्तपत्राने बारा मिनिटांत शब्दकोडे सोडविण्याची स्पर्धा घेतली आणि त्यातील काहींना पुढे ब्लेचली पार्क येथील गुप्तलेख-भेदाच्या कामासाठी पाचारण करण्यात आले. त्याच वर्षी अमेरिकन नौदलाने शाळकरी मुलांकडून विमानांच्या पाच लाख लाकडी प्रतिकृती मागविल्या. आकाशातील काळी आकृती मित्राची की शत्रूची, हे क्षणात ओळखण्याचा सराव त्यांवर व्हावयाचा होता. ओळखण्याचा हा खेळ चुकला तर काय होते, हे जुलै १९४३ मध्ये सिसिलीत दिसले. तेथे छत्रीधारी सैनिकांना घेऊन जाणाऱ्या १४४ अमेरिकन विमानांपैकी २३ विमाने स्वपक्षाच्याच तोफांना बळी पडली. जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या चढाईपूर्वी दोस्तांच्या विमानांवर घाईघाईने काळे-पांढरे पट्टे रंगविण्यात आले ते या धड्यामुळे.

पूर्व आघाडीवरचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे. ब्रिटिश विमानांच्या वर्तुळाकार चिन्हात मध्यभागी तांबडा ठिपका असे. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढणाऱ्या विमानांवरून तो काढून टाकण्यात आला आणि निळ्याच्या दोन छटा तेवढ्या ठेवण्यात आल्या. कारण जपानी विमानांवरही तांबडेच वर्तुळ होते. त्या आघाडीवर लढलेल्या भारतीय वैमानिकांची विमानेही याच चिन्हाची. ‘या चिन्हातला तांबडा रंग कोठे गेला?’ हे संग्रहालयातील उत्तम कोडे ठरेल. त्याचे उत्तर देणाऱ्याला कळते की, विमानावरची चित्रकारी शोभेची नसते. चुकीच्या ओळखीतून गेलेल्या जिवांची ती नोंद असते.

तेव्हा खेळ अनुचित नाही. हा खेळ कशाची किंमत मोजून खेळला जात होता याचा उल्लेखच न होणे, हे अनुचित आहे.

वस्तूचे चरित्र

वाचनाचा दुसरा पाठ विमानाच्या चरित्राचा. फलकावर सामान्यतः जन्म दिलेला असतो, आयुष्य नसते. दिल्लीच्या पालम येथील वायुसेना संग्रहालयात लिबरेटर हे अमेरिकन बनावटीचे बॉम्बफेकी विमान आहे. महायुद्ध संपल्यावर दोस्त सैन्याने कानपूर येथे अशी अनेक विमाने टाकून दिली. जाताना ती पुन्हा वापरता येऊ नयेत अशा रीतीने त्यांची मोडतोडही केली. स्वतंत्र भारताकडे अवजड बॉम्बफेकी विमाने नव्हती. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या तंत्रज्ञांनी या भंगारातून चाळीसच्या आसपास विमाने उडती केली व ती १९६८ पर्यंत सेवेत राहिली. ब्रिटनमधील रॉयल एअर फोर्स म्युझियमला आपल्या संग्रहासाठी लिबरेटर हवे होते, तेव्हा ते १९७४ मध्ये भारताकडूनच मिळाले. ‘हे विमान कोणी बनविले?’ या प्रश्नाला अमेरिका हे उत्तर बरोबरच आहे. ‘हे विमान कोणी मोडले, कोणी जोडले आणि शेवटी कोणी कोणाला दिले?’ असे विचारले की साम्राज्याचा अस्त आणि एका नव्या देशाची काटकसर व हिकमत एकाच सांगाड्यात दिसू लागते.

गोव्याच्या संग्रहालयातील सुपर कॉन्स्टेलेशनचे चरित्रही असेच वळणाचे आहे. हे मूळचे एअर इंडियाचे प्रवासी विमान. तेथून ते वायुसेनेत गेले आणि १९७६ मध्ये नौदलाकडे येऊन सागरी टेहळणीस लागले. खिडक्यांची रांग हा त्याच्या पहिल्या आयुष्याचा पुरावा आहे. ज्या खिडक्यांतून प्रवाशांनी ढग पाहिले, त्याच विमानातून पुढे पाणबुड्यांवर नजर ठेवली गेली.

अनुपस्थिताचे कोडे

यापुढचा पाठ सर्वांत अवघड व प्रस्तुत लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. संग्रहालयात जे नाही त्याचे कोडे रचता येईल काय?

संख्याशास्त्रज्ञ अब्राहम वाल्ड यांचे काम येथे मार्गदर्शक ठरते. नाझी राजवटीमुळे व्हिएन्ना सोडून ते अमेरिकेत आले होते. कोलंबिया विद्यापीठातील संख्याशास्त्रीय गटात असताना १९४३ मध्ये त्यांनी एका प्रश्नाचा अभ्यास केला. मोहिमेवरून परतलेल्या विमानांवर गोळ्यांची भोके दिसतात. त्यांवरून विमानाचा कोणता भाग अधिक नाजूक आहे हे कसे ठरवावे? लोकप्रिय कथनात या अभ्यासाला एका चित्राचे सुटसुटीत रूप मिळाले आहे. मूळ लेखन बरेच गणिती आहे. परंतु त्याचा गाभा सामान्य वाचकालाही पटण्यासारखा आहे. जेथे भोके जास्त, तेथे चिलखत हवे असे वाटते. खरे तर तेथे गोळ्या लागूनही ही विमाने परतली आहेत. जेथे भोके जवळजवळ नाहीत, तेथे गोळी लागलेली विमाने परतलीच नाहीत. उत्तर समोरच्या विमानांत नसून न आलेल्या विमानांत आहे. वाल्ड यांचा अंत विमान-अपघातातच झाला, आणि तोही भारतात. व्याख्यानांच्या दौऱ्यावर असताना १३ डिसेंबर १९५० रोजी त्यांचे विमान निलगिरीच्या डोंगरांत कोसळले.

वाल्ड यांचा विचार संग्रहालयाला लावून पाहावा. संग्रहालयातील जवळजवळ प्रत्येक विमान हे परतलेले विमान असते. बोगमाळ्याचे अलिझे पाहताना हे ध्यानात घ्यावे लागते की, १० डिसेंबर १९७१ रोजी त्याच जातीचे एक विमान अरबी समुद्रावर पाकिस्तानी स्टारफायटरने पाडले व त्यातील तिघेही परतले नाहीत. ज्या ‘विक्रांत’च्या दोरांसाठी तो आकडा होता, ती नौका १९९७ मध्ये निवृत्त झाली, काही वर्षे मुंबईत तरंगते संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि २०१४ मध्ये भंगारात काढली गेली. त्याच नावाची नवी नौका २०२२ मध्ये नौदलात आली. पण या आकड्याला ओळखणारे डेक आता कोठेही नाही. ‘हा आकडा कशात अडकत असे, आणि ती वस्तू आज कोठे आहे?’ या दोन ओळींच्या कोड्याचा शेवट मुंबईच्या भंगारवाड्यात होतो.

त्याहून मोठी अनुपस्थित वस्तू संग्रहालयाच्या शेजारीच आहे : दाबोळीची धावपट्टी. १८ डिसेंबर १९६१ रोजी, गोवा मुक्तीच्या लष्करी कारवाईच्या पहिल्याच सकाळी, पुण्याहून निघालेल्या बारा कॅनबेरा विमानांनी तिच्यावर सुमारे ६३,००० पौंड वजनाचे बॉम्ब टाकले. विमानतळाच्या इमारती वाचवाव्यात अशी सूचना होती व ती पाळली गेली. आवारात उभी असलेली दोन पोर्तुगीज प्रवासी विमानेही शाबूत राहिली. त्यांपैकी एक सुपर कॉन्स्टेलेशन होते. रात्रीच्या अंधारात, उखडलेल्या धावपट्टीच्या उरलेल्या लांबीवरून ती दोन्ही निसटली. आज त्याच जातीचे विमान, वेगळ्या देशाच्या खुणा अंगावर घेऊन, तेथून जवळच कायमचे उभे आहे. सहलीला विमानाने आलेला प्रेक्षक कदाचित त्याच धावपट्टीवर उतरलेला असतो. शोधाचे अखेरचे सूत्र संग्रहालयाच्या कुंपणाबाहेर बोट दाखवू शकले, तर तो शोध सार्थकी लागला असे म्हणता येईल.

आणि तरीही एक प्रश्न उरतोच : विमानाखाली कोण होते? ४ डिसेंबर १९७१ पासून ‘विक्रांत’वरील सी हॉक विमानांनी कॉक्स बझार व चितगाव येथे हल्ले केले. जी शहरे याच महिन्यात स्वतंत्र बांगलादेशाची झाली, त्यांच्याच विमानतळावर आणि बंदरावर हे बॉम्ब पडले. शत्रूची कोंडी करणे आवश्यक होते व तिचा परिणाम युद्धाच्या निकालात दिसला, हे खरे. त्या बंदरातील हमालाच्या दृष्टीने ती सकाळ कशी होती, हेही विचारणे आवश्यक आहे. अशा प्रश्नाला फलकावर उत्तर नसते, कागदावर गुण नसतात. युधिष्ठिराला विचारलेल्या अखेरच्या प्रश्नासारखा तो आहे; उत्तरातून उत्तर देणारा कळतो.

मर्यादा

या मांडणीच्या मर्यादा मान्य केल्या पाहिजेत. लहान मुलांना धावावयाचे असते व त्यांना धावू द्यावे. रंग आणि आकार शोधत फिरणारे मूल विमानांविषयी प्रेम घेऊन घरी जाते आणि हे प्रेमही ज्ञानाची सुरुवात आहे. गर्दीच्या दिवशी पन्नास जणांना एका शेपटीमागे उभे करता येत नाही. शिवाय मृत्यूचे प्रश्न खेळाच्या कागदावर बेतालपणे आले, तर त्यांतून संवेदना जागी होण्याऐवजी बोथट होण्याचाच धोका अधिक.

पुढील वर्षीच्या सहलीत लेखकाने वीसऐवजी सहाच प्रश्न दिले. वेळेची अट व बक्षीस दोन्ही काढून टाकले. पाच प्रश्नांची उत्तरे विमानांच्या अंगावर होती. सहावा प्रश्न आकड्याचा होता. गटांना दीड तास लागला. एका गटाने सी हॅरियरचा आकडा ‘चोरीस गेला असावा’ असे उत्तर लिहिले. ते चूक होते, पण ते लिहिण्यासाठी त्यांना विमानाखाली वाकून पाहावे लागले होते. एका सहलीवरून व्यापक निष्कर्ष काढता येत नाहीत. तथापि मागील वर्षीच्या वीस अचूक उत्तरांपेक्षा हे एक चुकीचे उत्तर लेखकाला अधिक मोलाचे वाटले.

समारोप

विमान-संग्रहालयातील ‘खजिन्याचा शोध’ हा उपक्रम टाकाऊ नाही आणि आपोआप शैक्षणिकही नाही. त्याची गुणवत्ता सूत्रे कोणत्या दिशेने नेतात यावर अवलंबून आहे. फलकाकडे नेणारे सूत्र नक्कल शिकविते. विमानाच्या शरीराकडे नेणारे सूत्र निरीक्षण शिकविते. त्याच्या चरित्राकडे नेणारे सूत्र इतिहास शिकविते, आणि जे समोर नाही त्याकडे नेणारे सूत्र विवेक शिकविते. हे सर्व एका कागदावर बसविणे कठीण आहे. परंतु निदान एक सूत्र तरी शेवटच्या प्रकारचे असावे, असा आग्रह धरावयास हरकत नसावी.

युद्धविमाने आता उडत नाहीत. त्यांचे पंख, आकडे आणि बंद शेपट्या समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात उभ्या आहेत. विद्यार्थ्यांना त्यांच्यासमोर नेणाऱ्या शिक्षकाचे पहिले काम त्यांना धावू न देण्याचे आहे, आणि त्यासाठी आधी त्याने स्वतः प्रत्येक विमानाखाली वाकून पाहिलेले असले पाहिजे.